अळनावरसमोरचा रकाना

मारुती गावड्यांनी वर्तमानपत्राची घडी माझ्या टेबलावर उलगडली, एका बातमीवर बोट ठेवलं आणि म्हणाले, "यात आमची वहिनी कुठं आहे, तेवढं दाखवा."

बातमी चार ओळींची होती. वर कापसाच्या निर्यात शुल्कावर लोकसभेत दिलेलं उत्तर, खाली कुटुंब पेन्शनवरचं. आमच्या खात्यात वर्षाहून जास्त काळ रखडलेल्या कुटुंब पेन्शनच्या केसेस किती, असं एका खासदारांनी विचारलं होतं. मंत्र्यांनी विभागवार तक्ता सभागृहापुढे ठेवला होता. बातमीदाराने त्यातला आपल्या गावाचा आकडा उचलला होता. हुबळी विभागात अशी एकही केस नाही.

मारुती गोकुळ रोडवरच्या एका वर्कशॉपमध्ये लेथ चालवायचे. त्यांचा थोरला भाऊ परशुराम आमच्या खात्याच्या अळनावर डेपोत चौकीदार होता. तो नोकरीत असतानाच वारला. त्याला चौदा महिने झाले होते. बायको सुभद्रा तेव्हापासून उणकलला मारुतींकडे राहत होती आणि तिला पेन्शन लागलेली नव्हती.

"वर्षाचे महिने किती धरता हो तुम्ही?" मारुतींनी विचारलं. "आमच्या वर्कशॉपात बारा धरतात."

मी बातमी दोनदा वाचली. तो आकडा माझ्या टेबलावरून गेला होता.

गोष्ट सत्तरच्या दशकाच्या अखेरीची आहे. मी केंद्र सरकारच्या एका खात्याच्या हुबळीतल्या विभागीय कार्यालयात हेडक्लार्क होतो. खात्याचं नाव लिहीत नाही. पेन्शनचा कागद सगळ्याच खात्यांत त्याच चालीने चालतो. त्याआधी तीन वर्षं मी गावातल्या एका दैनिकात उपसंपादक होतो. म्हणून ऑफिसने संसदेच्या प्रश्नांचं काम माझ्याकडे दिलं होतं. वाक्य आखूड लिहिता येणारा माणूस त्या कामाला लागतो.

ते काम असं चालायचं. खासदाराचा प्रश्न मंत्रालयात येतो. मंत्रालय मुख्य कार्यालयाला विचारतं, मुख्य कार्यालय विभागाला, विभाग आपल्या हाताखालच्या छोट्या ऑफिसांना. मग उत्तरं त्याच जिन्याने वर चढतात. प्रश्न तारांकित असेल, म्हणजे स्टार्ड, तर मंत्र्यांना उभं राहून उत्तर द्यावं लागतं आणि त्यावर उलट प्रश्न येतात. त्यामुळे अशा फाइलीवर लाल चिठ्ठी लागते आणि वेळ दिवसांत मोजली जाते. हा प्रश्न तारांकित होता. मला चार दिवस मिळाले होते.

आमच्या विभागाखाली अकरा ऑफिसं होती. मी अकरांना पत्र पाठवलं, तिसऱ्या दिवशी स्मरणपत्र. दोन्ही पत्रांखाली नेहमीची ओळ होती: मुदतीत माहिती न आल्यास ती निरंक समजण्यात येईल. निरंक म्हणजे निल, काही नाही. ही ओळ मी शोधून काढलेली नव्हती. माझ्या आधीचे लिहायचे, त्यांच्या आधीचेही लिहायचे.

दहा उत्तरं आली. अळनावरचं आलं नाही. चौथ्या दिवशी संध्याकाळी मी तक्त्यात अळनावरसमोर स्वतःच्या हाताने 'निरंक' लिहिलं. तो शब्द तीन जिने चढून लोकसभेत गेला.

मारुतींना बसवून मी पेन्शनचं रजिस्टर काढलं. परशुराम गावडे यांच्या नावापुढे नोंद स्पष्ट होती. अर्ज आला होता, मृत्यूनंतर तीन आठवड्यांच्या आत. आमच्या सेक्शनने तपासला होता. अंगठ्याचे दोन साक्षांकित नमुने कमी होते, म्हणून पूर्ततेसाठी केस अळनावरला परत पाठवली होती. शेरा: 'परत'. परत पाठवलेली केस आमच्याकडे प्रलंबित धरत नाहीत. ती ज्याच्याकडे गेली त्याच्याकडे प्रलंबित धरतात. आणि अळनावर गप्प होतं.

म्हणजे नियमाप्रमाणे ही केस कुठेच नव्हती.

मी मारुतींना एवढंच सांगितलं की उद्या अळनावरला जाऊन येतो. त्यांनी वर्तमानपत्राची घडी घातली. "जावा. आमचं नातं आहे म्हणून आम्ही चार वेळा जाऊन आलो. दाराला कुलूप बघून आलो."

सकाळच्या पॅसेंजरने निघालो. धारवाडला डेपोचे प्रभारी गाडीत चढले. प्रभारी म्हणजे ज्याच्याकडे स्वतःचं ऑफिस असतंच, वर दुसऱ्याचंही सोपवलेलं असतं. अळनावरचा डेपो हळूहळू बंद करायचा होता, त्यामुळे तिथे कायमचा माणूस दिलेला नव्हता. हे गृहस्थ महिन्यातून एकदा जायचे, मागच्या फाटकातून आवारात शिरून सामान मोजायचे, सही करून परतायचे. ऑफिसची खोली उघडायचं त्यांना कारण पडलं नव्हतं.

"आणि डाक?" मी विचारलं.

"डाक गावडे आणून द्यायचा," ते म्हणाले. "दारातनं पडलेली उचलायचा आणि धारवाडला घेऊन यायचा."

"गावडे गेल्यावर?"

चौकीदाराची जागा भरलेली नव्हती.

खोलीचं दार ढकललं तर पुरतं उघडेना. आतून कागदांनी अडवलं होतं. दाराला टपालाची फट होती आणि चौदा महिन्यांची डाक तिथेच साचली होती. मी जमिनीवर बसून ढीग खालून वर लावत गेलो. अगदी तळाशी आमच्या सेक्शनचं पत्र होतं: अंगठ्याचे नमुने पाठवावेत. मधे सर्क्युलरं. सगळ्यात वर माझं पत्र आणि त्यावर माझं स्मरणपत्र. ज्याच्या बायकोला पेन्शन मिळाली का असं लोकसभा विचारत होती, तोच माणूस ते पत्र उचलायला हवा होता. प्रभारींनी कागद बांधायला सुतळी शोधून दिली.

गठ्ठा घेऊन मी साहेबांपुढे उभा राहिलो. विभागीय अधिकारी हिरेमठ मूळचे धारवाडचे, घरात कन्नड, ऑफिसात इंग्रजी, माझ्याशी मराठी. त्यांनी सगळं ऐकलं. मग खुर्ची मागे सरकवून म्हणाले की बाईचं काम आठवड्यात होईल, त्याची चिंता नको. फक्त तिच्याकडून नवा अर्ज घ्या, आजच्या तारखेचा. जुना अपुरा होता, तो अर्ज म्हणून धरायचा नाही.

यातली सोय मला कळली. अर्ज आजचा धरला की केस आजच सुरू झाली. मग वर्षाहून जुनी केस नव्हतीच आणि सभागृहात दिलेलं उत्तर खरं राहिलं.

"साहेब, नव्या अर्जात विलंबाच्या कारणाचा रकाना आहे," मी म्हणालो.

"त्यात काय? 'अर्जदाराने अर्ज उशिरा केला.' सगळे लिहितात."

"आणि मागची थकबाकी?"

"उशिरा केलेला दावा म्हणून मुख्य कार्यालयाच्या मंजुरीला जाईल. मिळेल कधीतरी. सरदेसाई, मंत्री सभागृहात बोललेत. तुम्हाला कळतं ना काय ते?"

कळत होतं. सभागृहाला चुकीची माहिती दिली की हक्कभंगाचा विषय निघतो. तो मंत्र्यांपाशी थांबत नाही. खाली खाली येतो आणि शेवटी ज्याचं अक्षर असेल त्याच्या टेबलावर बसतो.

सोमवारी मारुती वहिनींना घेऊन आले. सुभद्राबाई चाळिशीच्या आतबाहेर असतील. बसा म्हटलं तरी उभ्या राहिल्या. अर्ज टाइप होऊन तयार होता. शिपायाने शाईचा पॅड उघडला, त्यांनी सवयीने अंगठा टेकवला आणि कागदाकडे नेला. मी हात आडवा धरला.

"थांबा अक्का. आधी काय लिहिलंय ते ऐका."

मी अर्ज वाचून दाखवला. विलंबाच्या रकान्यापाशी आलो तेव्हा सावकाश वाचला.

त्यांनी विचारलं, "म्हणजे मी उशीर केला?"

"असं लिहिलंय."

"तेराव्याचे पावणे गेले आणि तिसऱ्या दिशी मी अंगठा दिला, अण्णा. डेपो बघणाऱ्या धारवाडच्या साहेबांच्या टेबलावर दिला. ह्यो होता संगं." त्यांनी मारुतींकडे पाहिलं. मग शाईचा अंगठा पदराला न लावता डोक्याच्या केसांत पुसला, शेतावरच्या बायका पुसतात तसा. "पेन्शन द्या, नाहीतर देऊ नका. उशीर केला म्हणून मी लिहून देणार नाही. उद्या माझी पोरगी वाचंल."

पोरगी उणकलच्या शाळेत सहावीत होती.

मारुती म्हणाले, "वहिनी, पैसे तरी सुटतील." अर्जावर अंगठ्याची जागा मोकळी राहिली.

त्या मोकळ्या जागेसह मी तो अर्ज साहेबांकडे नेला. बरोबर माझी एक नोट होती. दीड पान. अर्ज कधी आला, परत कधी पाठवला, पत्रं कुठे सापडली, अळनावरसमोर 'निरंक' कोणी आणि कशाच्या आधारावर लिहिलं. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर दोन वाक्यांत होतं. मी लिहिलं. आधार काही नव्हता.

साहेब म्हणाले, "तुम्ही मंत्र्यांना खोटं पाडताय."

"नाही साहेब. मंत्र्यांनी कागदावरचं वाचलं. कागद मी लिहिला. दैनिकात आकडा चुकला तर दुसऱ्या दिवशी त्याच पानावर दुरुस्ती छापायचो. लोकसभेतही तशी सोय आहे. मंत्री दुरुस्तीचं निवेदन करतात. नियमात आहे."

"नियमात पुष्कळ आहे."

त्यांनी नोट पुन्हा वाचली. मग पेनाचं टोपण काढलं. माझ्या सहीखाली जागा होती, तिथे त्यांनी आपली सही केली. "आगली, बरीरी," ते कन्नडमध्ये म्हणाले. होऊ दे, लिहा. "पण आकडा पक्का करा. आज एक आणि उद्या दोन, असं दिल्लीला चालणार नाही."

हे काम खरं कष्टाचं होतं आणि त्याबद्दल मला अजून समाधान वाटतं. मी आणि दोन क्लार्क रजिस्टर घेऊन बसलो. 'परत' असा शेरा असलेली प्रत्येक केस शोधली. ती कुठे गेली, तिथे पोहोचली का, पोहोचली तर कोणाच्या सहीने घेतली, हे फोनवर नव्हे, सही बघून तपासलं. एक क्लार्क नवनगरहून यायचा, त्याची शेवटची बस दोन्ही दिवस चुकली आणि तो सायकलने गेला. तिसऱ्या दिवशी दुपारी आकडा निघाला. तो एकच होता.

मुख्य कार्यालयातून ट्रंककॉल आला. पलीकडचे अधिकारी शांत होते, त्यामुळे जास्त भीती वाटली. त्यांनी विचारलं, "हे तपासायला तुम्हाला कोणी सांगितलं होतं?"

"कोणी नाही सर."

"मग आता ह्याचं काय करायचं?"

मी म्हणालो की निवेदनाचा मसुदा सोबत जोडला आहे. दोन ओळींचा आहे. मग ते म्हणाले, "वाचा." मी वाचला. त्यांनी एक शब्द बदलला.

अधिवेशन संपायच्या आधी मंत्र्यांनी ते निवेदन सभागृहापुढे ठेवलं. कुणी आरडाओरडा केला नाही. हक्कभंगाचा विषय निघाला नाही. दुरुस्ती स्वतःहून आली की तो बहुधा निघत नाही, हे मला तेव्हा माहीत नव्हतं. सुभद्राबाईंचे अंगठ्याचे नमुने मी उणकलला जाऊन घेतले. मंजुरीचा आदेश निघाला तो परशुराम गेल्याच्या दुसऱ्या दिवसापासूनचा. विलंबाच्या रकान्यात दोन शब्द होते: कार्यालयाकडून विलंब. त्या आदेशाची एक प्रत त्यांनी जादा मागून घेतली.

मलाही एक कागद मिळाला. पडताळणी न करता माहिती दिल्याबद्दल लेखी ताकीद. ती माझ्या सर्व्हिस रेकॉर्डमध्ये लागली आणि पुढचं प्रमोशन एक वर्ष लांबलं. ताकीद बरोबर होती. तिच्यातला एकही शब्द मला खोडता आला नसता. नोकरीतली प्रशस्तिपत्रकं पुढे घर बदलताना हरवली, ही प्रत राहिली आहे.

निवेदनाची बातमी आमच्या गावच्या वर्तमानपत्रात तीन ओळींत आली, आतल्या पानावर अगदी तळाशी. मी अंक घेऊन गोकुळ रोडला गेलो. मारुतींनी लेथ बंद केला आणि हात पुसले. मी घडी उलगडून त्यांच्या बाकावर ठेवली आणि बोट ठेवलं. हुबळी विभागासमोर 'शून्य' ऐवजी 'एक' असे वाचावे.

"ही तुमची वहिनी," मी म्हणालो.

त्यांनी ती ओळ दोनदा वाचली. मग अंक तेलाच्या डागांपासून लांब, खिळ्याला टांगलेल्या शर्टाच्या खिशात ठेवला. "दिल्लीत पोचली म्हणायची," ते म्हणाले आणि लेथ चालू केला.

त्यानंतर आमच्या पत्रांखालची जुनी ओळ मी काढून टाकली. निरंक हेही उत्तरच असतं, आणि तेही कोणीतरी द्यावं लागतं. हिरेमठ साहेबांच्या संमतीने नवी ओळ घातली: मुदतीत माहिती न आल्यास ती घेण्यासाठी माणूस पाठवण्यात येईल, त्याचा प्रवासभत्ता आपल्या ऑफिसकडून वसूल होईल.

पुढच्या तारांकित प्रश्नाला अकराही उत्तरं मुदतीच्या आदल्या दिवशी आली.