भिंत ठोकून पाहणारा

आमच्या भागाचा सरकारी कारभार नागपुराहून चालायचा, त्या काळात दुसरबीडच्या आमच्या घरी रेडिओ आला. पोराला त्याचा भोंगा भिंतीच्या आतच बसवून पाहिजे होता. त्यासाठी अकोल्याहून एक माणूस आला. त्याचं नाव मी विचारलं नाही. पाहताक्षणीच तो मला पटला नाही.

बैठकीच्या भिंती तो बोटानं ठोकायचा, कान लावायचा आणि पुढं सरकायचा. मी त्याच्या पाठोपाठ. खुंटीखालच्या दिवळीत माझ्या बायकोचे हातातले चांदीचे गोट ठेवून मी वरून लिंपून टाकलं होतं. मरताना ती म्हणाली होती, हे लेकीले द्या. पोराचा डोळा त्या गोटांवर आधीपासून होता.

नेमका तिथंच तो थांबला. पुन्हा ठोकलं.

"काय बे, पोकळ हाय का?" पोरानं विचारलं.

त्यानं माझ्याकडं पाहिलं. मी काठी घट्ट धरली.

"नाई जी, भरीव हाय. भोंग्याले पोकळी लागते. छतात बसवू."

दिवसभर तो छतात काम करत होता आणि मी त्या भिंतीला पाठ लावून बसलो होतो. आता हा काय मागतो, एवढंच डोक्यात.

जाताना तो वाकून हळूच म्हणाला, "बाबा, ते काढून घ्या. ठोकलं का कोणालेही समजते."

मागितलं काहीच नाही. दुसऱ्या दिवशी गोट घेऊन मी लोणारला लेकीकडं निघालो. रस्ताभर मागं वळून पाहत होतो, तो अकोल्याचा माणूस येतो का म्हणून.