अकरावा इफ

किस्से कुणी ठरवून जमवत नाही हो. प्रोग्रामात रोज एखादा इफ वाढतो, म्हंजी 'असं असेल तर तसं कर' अशी एक अट, तसेच हेही वाढत जातात. वाढवणारे सगळे, काढायला मात्र कुणी धजत नाही. रांजणगावच्या आमच्या कारखान्यात कॉम्प्युटर खात्याला ईडीपी म्हणायचे. तिथं आम्ही तिघंच. आमचे हेड गायकवाड साहेब खुटबावचे, कोकरे मॅडम दौंडच्या आणि मी शिरूरचा. नव्वदचं दशक सरत आलं होतं.

*

प्रोग्राम किती किचकट झालाय हे मोजायची साहेबांची स्वतःची पद्धत होती. सगळा प्रोग्राम सलग कागदावर छापायचा. एक टोक मी दारात धरायचं, दुसरं घेऊन साहेब व्हरांड्यातून चालत जायचे. कागद पाण्याच्या कूलरपर्यंत पोचला, की प्रोग्राम तोडून नीट लिहायचा. अलीकडंच संपला, तर हात लावायचा नाही.

एकदा कँटीनचे आप्पा त्या कागदावरून ट्रॉली घेऊन गेले आणि पगाराच्या प्रोग्रामवर आमटी सांडली. साहेब शांतपणे म्हणाले, "आता तर नवाच लिहायला लागंल."

*

शिफ्टचा प्रोग्राम मात्र कूलर ओलांडून जिन्यापर्यंत जायचा. कुठला कामगार पुढच्या आठवड्यात कुठल्या मशीनवर, हे तो ठरवायचा. कोकरे मॅडम पुण्याहून कोर्स करून आल्या आणि लाल पेन घेऊन त्यातले इफ मोजत बसल्या. एक्केचाळीस निघाले! त्यांचा नियम साधा होता. दहाच्या वर गेले की माणसाच्या डोक्यात मावत नाहीत.

हे निस्तरायला आठ दिवस द्या, म्हणून त्या मॅनेजरकडं गेल्या. नंतर काय वेगळं दिसेल, असं मॅनेजरनं विचारलं. मॅडम पडल्या खरं बोलणाऱ्या. "काहीच नाही, सर." मॅनेजरनं चहा पाजून परत पाठवलं.

कूलरचा नियम स्वतःचा असून साहेबही इथं नकोच म्हणायचे. चालतंय ना, मग चालू द्या. आम्हाला वाटायचं, स्वतःचं लिहिलेलं म्हणून यांचा जीव त्यात अडकलाय.

*

दसऱ्याला साहेब दरवर्षी नागपूरला दीक्षाभूमीवर जायचे. ते गेले आणि आम्ही त्यांच्यामागं प्रोग्राम साफ करायला घेतला. हळूहळू अकरा इफ उरले. अकरावा असा होता: टोकन ४१७ असेल तर प्रेसवर, म्हणजे पत्रा दाबायच्या मशीनवर, टाकू नकोस. शेजारी कसला खुलासा नाही, काही नाही. एका माणसासाठी एक अख्खा इफ? मॅडमनी माझ्याकडं पाहिलं.

"काढा," मी म्हणालो.

सोमवारी नवी यादी लागली. ४१७ म्हणजे किसनमामा, यवतकडचे जुने कामगार. ते ईडीपीच्या दारात येऊन उभे राहिले, टोपी हातात. "सायेब हायेत का?"

उद्या येतील म्हटलं. बरं म्हणून गेले. काय काम होतं, एवढंसुद्धा मी विचारलं नाही. त्याची लाज मला अजून वाटते.

*

मंगळवारी साहेब कंपनीच्या बसमधून उतरले, फाटकाजवळच्या बोर्डावर यादी वाचली आणि पळत सुटले. त्यांना पळताना आम्ही कधी पाहिलं नव्हतं. किसनमामांना प्रेसवरून उठवून पॅकिंगला बसवलं, तेव्हाच ते वर आले.

ओरडले नाहीत. दार लावून सांगितलं, की मामांना फिट येते. गोळ्या चालू आहेत, बऱ्याच वर्षांत आली नाही, पण येणारच नाही असं डॉक्टर म्हणत नाही. हे कागदावर आलं तर मामांची नोकरी जाणार. प्रेसवर असताना फिट आली तर हात जाणार. म्हणून तो इफ.

सोमवारचे पूर्ण आठ तास मामा प्रेसवर होते. आमच्यामुळं.

मॅडमना रडू आवरेना. तशातच त्यांनी ती ओळ परत घातली, आणि शेजारी कारण लिहू का म्हणून विचारलं.

"कारण डोक्यात ठेवा," साहेब म्हणाले. "मावंल."

*

पुढं साहेब रिटायर झाले, मॅडम हेड झाल्या. नवे इंजिनियर यायचे, इफ मोजायचे आणि म्हणायचे, मॅडम, नियम तुमचाच दहाचा, मग हे अकरा कसे? मॅडम एवढंच म्हणायच्या, की अकराच राहू द्या.

असं करता करता किसनमामांचा कामाचा शेवटचा दिवस आला. मामा पेढे घेऊन ईडीपीत आले. त्या इफबद्दल आम्ही त्यांच्याशी कधी चकार शब्द काढला नव्हता. त्यांनी पेढ्यांचा बॉक्स ठेवला, मग दोन्ही पंजे मॅडमच्या टेबलावर पसरून ठेवले.

"धाच्या धा हायेत, मॅडम. आता माझी ती ओळ काढून टाका."

मॅडमनी ओळ शोधून काढली. बटण मात्र त्यांनी मला दाबायला लावलं.