फर्नेसवाला दारात आहे

२००४च्या शरदात आमची बटालियन इराकला गेली आणि मी मागे राहिलो. ट्रेनिंगमध्ये गुडघ्याचं लिगामेंट तुटलं होतं. माझं पोस्टिंग झालं रिअर डिटॅचमेंटला, म्हणजे पलटण लढायला गेल्यावर तळावर जी माणसं उरतात त्यांच्यात. तळ न्यूयॉर्क राज्याच्या पार उत्तरेला. तिथला बर्फ एकदा बसला की एप्रिलपर्यंत उठत नाही.

आमच्या गावी, एडिसनला, मराठी मंडळाच्या कार्यक्रमात हमखास कोणीतरी काका विचारतात, "तू आर्मीत होतास ना रे? मग इराकमध्ये काय काय केलंस?" मी सांगतो, इराकला गेलोच नाही, घरोघरच्या फर्नेस दुरुस्त करत होतो. काका हसतात आणि श्रीखंडाकडे वळतात. मला राग येतो. म्हणून एकदा नीट लिहून ठेवतो.

आधी शब्दाचं बोलू. माझे बाबा कोल्हापूरला फाउंड्रीत होते, त्यामुळे आमच्या घरात फर्नेस म्हणजे लोखंड वितळवायची भट्टी. एडिसनला आम्ही अपार्टमेंटमध्ये राहायचो. खिडकीखालच्या रेडिएटरमधून ऊब यायची, ती कुठून येते याची चौकशी कोणी केली नव्हती. मी फोनवर नवं काम सांगितलं तेव्हा आई म्हणाली, "अगं बाई, घरात भट्टी? जपून हो, गुडघ्याचं झालं तेवढं पुरे."

प्रत्यक्षात ती कपाटाएवढी पत्र्याची पेटी असते, बहुधा बेसमेंटमध्ये. आत गॅस जळतो, हवा तापते आणि पंखा ती हवा खोल्याखोल्यांतून फिरवतो. जुन्या फर्नेसमध्ये एक बारीक ज्योत कायम तेवत असते. तिला पायलट म्हणतात. पायलट विझला की मोठा जाळ पेटत नाही. ज्योतीच्या तोंडाशी थर्मोकपल नावाची तांब्याची कांडी असते. ती खराब झाली की पायलट टिकत नाही, आणि घर काही तासांत गारठतं. तळाबाहेर भाड्याच्या जुन्या घरांत आमच्या पलटणीची बरीच कुटुंबं होती. नवरा इराकमध्ये, घरमालक फोन उचलत नाही, मग बाई आम्हाला फोन करायची.

माझे वरिष्ठ होते सार्जंट ऑर्टिझ. पहिल्याच दिवशी एका घरासमोर त्यांनी व्हॅन थांबवली, काच खाली केली, हॉर्न वाजवला आणि रस्त्यावरूनच बेंबीच्या देठापासून ओरडले, "फर्नेस!"

कल्हईवाल्यासारखी ती हाळी ऐकून मला हसू आलं.

"हसू नकोस, सावंत," ते म्हणाले. "या घरांच्या दाराशी युनिफॉर्ममधला माणूस आला की बाईला काय वाटतं, ठाऊक आहे?"

ठाऊक होतं. सैनिक मारला गेला की ती बातमी फोनवर देत नाहीत. ड्रेस युनिफॉर्म घालून दोघं जण दारात येतात, एक अधिकारी आणि एक चॅप्लेन, म्हणजे लष्करातला धर्मगुरू.

"म्हणून आधी ओरडायचं, मग गाडीतून उतरायचं," ऑर्टिझ म्हणाले. "हा शब्द ऐकला की तिला कळतं, नवरा जिवंत आहे, फक्त घर गार आहे."

त्या हिवाळ्यात मी तो शब्द इतका ओरडलो की घसा बसला. पडदा बाजूला व्हायचा, चेहरा दिसायचा, दार उघडायचं. कोणी कॉफी द्यायचं, कोणी आठवडाभराची गाऱ्हाणी सांगायचं.

सगळ्यांत जास्त फेऱ्या झाल्या त्या कोलसाहेबांच्या घरी. स्टाफ सार्जंट कोल माझे स्क्वॉड लीडर, म्हणजे आमच्या छोट्या तुकडीचे प्रमुख. माझा गुडघा गेला तेव्हा माझी सॅक स्वतःच्या सॅकवर चढवून ते ट्रकपर्यंत चालत आले होते, आणि वाटभर मला शिव्या घालत होते. त्यांची बायको डेनिस लहान मुलीला घेऊन त्या घरात राहायची. तिची फर्नेस महाखट्याळ. दार उघडायच्या आधी डेनिस आतून म्हणायची, "पुन्हा एकदा म्हण."

"फर्नेस, मॅम."

मग कडी निघायची. एकदा ती म्हणाली, "बाहेर गाडीचं दार वाजलं ना, की मी श्वास घ्यायची थांबते. तुमची व्हॅन उभी असली की तेवढा वेळ बरं वाटतं." मी त्या दिवशी उगाच फिल्टर काढून पुन्हा बसवला आणि व्हॅन थोडी जास्त वेळ उभी ठेवली.

फेब्रुवारीतल्या एका दुपारी तिचा फोन आला. पायलट पुन्हा विझला होता. ऑर्टिझ दुसरी गाडी घेऊन दुसऱ्या घरी गेले होते, मी व्हॅन घेऊन एकटाच गेलो. मुलगी शाळेत होती. डेनिस स्वयंपाकघरात कोट घालून बसली होती. मी खाली जाऊन थर्मोकपल काढलं. ते पार कामातून गेलं होतं. ऑर्टिझना रेडिओवर विचारलं.

"थर्मोकपल आहे का? ओव्हर."

"आहे. घेऊन येतो. आउट."

मी जिन्याशी येऊन डेनिसला सांगितलं की सार्जंट पार्ट घेऊन येताहेत, तासाभरात घर गरम होईल. ती म्हणाली, तोवर सँडविच करते.

थोड्या वेळाने बेल वाजली.

"तुझे सार्जंट आले," ती वरून म्हणाली. "थांब, मीच उघडते." तिची पावलं भरभर दाराकडे गेली.

कोणीही 'फर्नेस' असं ओरडलं नव्हतं. ते तिच्या लक्षात आलं नाही आणि माझ्याही नाही. आमची व्हॅन दारात उभी होती ना.

वर एक पुरुषाचा आवाज आला. "मिसेस कोल?" त्यापुढचं वाक्य ठरलेलं असतं. लष्करात कोणीही ते पहिल्या दोन शब्दांतच ओळखतो. मी पाना खाली ठेवला आणि जिना चढलो.

दारात एक कॅप्टन आणि चॅप्लेन उभे होते. डेनिस ओरडली नाही. तिने मागे वळून माझ्याकडे बोट दाखवलं आणि कॅप्टनला समजावून सांगावं तशी म्हणाली, "पण फर्नेसवाला तर इथेच आहे."

कॅप्टननी मान खाली घातली. मी तिच्या शेजारी जाऊन उभा राहिलो आणि तिने माझी बाही धरली.

ऑर्टिझ आले तेव्हा त्यांना रस्त्यावर कॅप्टनची गाडी दिसली. ते हाक न देता मागच्या दाराने आत आले आणि माझ्या हातात थर्मोकपल दिलं. आम्ही खाली गेलो. मी ते जागेवर धरलं, नट त्यांनी आवळला. पायलट धरला, मग मोठा जाळ पेटला आणि पंखा सुरू झाला.

संध्याकाळी शेजारीण मुलीला घेऊन आली, डेनिसची आई विमानात बसली, चॅप्लेन थांबले. मी निघताना डेनिसनं मला थांबवलं. तिच्या अंगावर अजून कोट होता.

"रविवारी तो फोनवर मला विचारत होता, घर गार तर पडत नाही ना? मी म्हटलं, सावंत येतो. तर म्हणाला, मग मला काळजी नाही."

एवढं सांगून तिने कोट काढला आणि खुर्चीवर ठेवला.

स्टाफ सार्जंट कोल उंच होते, बेसूर गायचे आणि आपली माणसं जेवल्याशिवाय कधी जेवले नाहीत. रस्त्याकडेच्या स्फोटात ते गेले. सोबत त्यांच्या गाडीचा ड्रायव्हर गेला, स्पेशालिस्ट हुद्द्याचा रीड, एकवीस वर्षांचा. बटालियन परत आली तेव्हा मी हँगरमध्ये रांगेत उभा होतो. बायका आपापल्या माणसाकडे धावत होत्या. मी त्या दोघांची वाट पाहत होतो. ते येणार नाहीत हे मला कोणाहीपेक्षा चांगलं ठाऊक होतं, तरीही शेवटचा माणूस विमानातून उतरेपर्यंत मी जागचा हललो नाही.