विकलेल्या टिप्परचा मालक

"टिप्पर तुमच्या नावावर आहे की नाही, एवढंच सांगा."

जजसाहेबांनी विचारलं आणि माझा अशील सलीम माझ्याच तोंडाकडे बघायला लागला. टिप्पर म्हणजे खाणीतला कोळसा वाहणारा ट्रक. त्यावर सलीमची कमाई चांगली होती, तेव्हा कोर्टाने मुलीसाठी महिना आठ हजार पोटगी ठरवली होती. पुढे टिप्परच्या मागच्या फाळक्याखाली सापडून सलीमच्या उजव्या हाताची बोटं गेली. आता तो भावाच्या पंक्चरच्या दुकानात बसतो. परिस्थिती बदलली तर पोटगी कमी करून मागता येते. आमचा अर्ज तेवढाच होता. तो फेटाळला गेला, तर थकलेल्या पोटगीपायी सलीम जेलमध्ये जाणार हे दिसत होतं.

समोरच्या वकिलांनी आरसी पुढे केली. आरसी हा गाडीच्या मालकीचा कागद. त्यावर नाव सलीमचंच. म्हणजे गाडीची कमाई अजून येते, असं त्यांचं म्हणणं.

मी त्याला हळूच विचारलं, "अरे, गाडी विकली म्हणाला होतास ना?"

"इकली ना मॅडम! दवाखान्यासाठीच इकली. नोटरी केली होती. नाव बदलाचं राहून गेलं."

आमच्या वणीत कितीतरी गाड्या अशाच विकल्या जातात. स्टॅम्पपेपरवर सही, चहा, चावी. आरटीओत कोण जातो? घेणारा चंद्रपूरकडे, त्याचा फोन बंद. नोटरीचा कागद "घरी असन कुठंतरी." मला असा संताप आला की विचारू नका.

तेवढ्यात मागच्या बाकावरून शबाना उठली. सलीमची घटस्फोट झालेली बायको, म्हणजे आमची विरुद्ध पक्षकार. तिचे वकील हाताने 'बस, बस' करत होते.

"साहेब, गाडी इकली त्यानं. मले माहीत हाय. मी खोटं कायले बोलू? त्याले जेलात टाकून माह्या पोरीले काय भेटन? पैसे कमी करा, पन बंद नका करू. तिची शाळा हाय."

"हे जबाबात लिहून घेऊ?" जजसाहेबांनी विचारलं.

"घ्या."

पोटगी चार हजारांवर आली. थकबाकीला हप्ते मिळाले. सलीम बाहेर येऊन डाव्या हाताने डोळे पुसत होता.

विरुद्ध पक्षकाराशी आम्ही परस्पर बोलत नाही. म्हणून तिच्या वकिलांना म्हटलं, "तिला माझे आभार सांगा."

ते म्हणाले, "तुमची केस माझ्या अशिलानं जिंकली. फी कोणी घ्यायची?"

त्या बाईचे उपकार मी आजही मानते. पण अशिलांना सांगते, गाडी विकली की आधी आरटीओ गाठा. विरुद्ध बाजूला दर वेळी शबाना नसते.