डाव्या पायाची करंगळी

भूत, करणी, अंगात येणं… यावर माझा विश्वास नव्हता, आजही नाही. भोरला माझं फोटोफ्रेमचं दुकान आहे. देवांचे आणि गेलेल्या माणसांचे फोटो रोज हातातून जातात, त्यामुळे तसबिरीचं कधी काही वाटलं नाही. तरी हे लिहितोय, कारण आता पोटात ठेवणं जड झालंय.

मागच्या उन्हाळ्यात मार्थाबाई एक चित्र घेऊन आल्या. त्या नगरकडच्या शाळेत चित्रकला शिकवायच्या. निवृत्तीनंतर भाचीकडे भोरला राहायला येऊन जेमतेम सहा महिने झाले होते. प्रार्थनाघरात लावायला त्यांनी जलरंगात काढलेलं – येशू गुडघे टेकून एका शिष्याचे पाय धुतोय. शिष्य म्हातारा, तोंड सावलीत.

मी मापाला टेप लावला आणि हात तिथेच थांबला.

डाव्या पायाला करंगळी नव्हती. शेजारचं बोट आत वळलेलं. घोट्यावर भाजल्याचा अर्धगोल डाग.

ते माझ्या वडिलांचे पाय होते.

डाग आमच्या उत्रोलीच्या शेतावरच्या डिझेल इंजिनाचा. करंगळी शुगरमुळे कापलेली. तेव्हापासून आण्णा चारचौघांत कायम मोजे घालायचे, भर मे महिन्यातसुद्धा. आणि त्यांना जाऊन तेव्हा तीन वर्षं झाली होती. बाईंनी त्यांना पाहायचा प्रश्नच नव्हता.

"बाई, हे पाय कुणाचे बघून काढले?"

"बघून नाही हो. मी आधी प्रार्थना करते, मग ब्रश उचलते. प्रभूचा चेहरा झाला, हात झाले… पाय काही केल्या येईनात. दोन आठवडे जागा कोरी ठेवली. मग एका सकाळी चहा पिताना दिसले, ही टेप दिसतेय ना, इतके स्पष्ट. करंगळी नाही याचं मलाही नवल वाटलं. पण दिसलं ते मी कसं बदलणार?"

मी पावती फाडून दिली, आण्णांचं नाव काढलं नाही. का, ते सांगतो.

शेवटी शेवटी आण्णांना वाकता येत नव्हतं. पाय आई धुवायची. एक दिवस ती लवकर शेतावर गेलेली. मी गाडी काढत होतो, तर आण्णा म्हणाले, "जरा पाय धुवून दे रं. लई आग व्हतीया."

"दुकानाला उशीर होतोय. संध्याकाळी बघू."

उशीर होत नव्हता. मला त्यांच्या पायाच्या न भरलेल्या जखमेच्या वासाची किळस यायची. बस, एवढंच. दुपारी फोन आला… आण्णा गेले होते.

आता त्याहून लाजिरवाणं. मी चित्राला मुद्दाम रुंद माउंट, म्हणजे भोवतीची पुठ्ठ्याची चौकट, कापला. खालची पट्टी बरोबर पायांवर आली.

बाई न्यायला आल्या. चष्मा पुसून परत पाहिलं. "पाय कुठे गेले?"

"मापात बसत नव्हते," मी खोटं बोललो.

त्या चिडल्या नाहीत. "अहो, बाकीचं चित्र त्या पायांसाठीच आहे. ते झाकू नका."

मग काउंटरपाशीच मी त्यांना सगळं सांगितलं. त्या स्टुलावर बसून ऐकत होत्या. शेवटी म्हणाल्या, "मला यातलं काही माहीत नव्हतं… तुमच्यासाठी प्रार्थना करते." तेवढंच.

दुसऱ्या दिवशी नवा माउंट बसवत होतो, तेव्हा आई औषधं न्यायला भोरला आली आणि दुकानात टेकली. मी तिला काहीच बोललो नव्हतो. ती चित्रावर वाकली.

"ह्ये ह्यांचं पाय न्हाईत का?"

"व्हय."

तिने घोट्यावरच्या डागाला बोट लावलं. "कुणी का काढलं असंना, ब्येस केलं. त्या दिशी म्या पाय न धुताच शेतावर ग्येले. तसंच गेलं ते… लई डाचतंय रं मला. म्याच चुकले."

तेव्हाच सांगायला हवं होतं. मी तिच्यासाठी चहा मागवला.

चित्र प्रार्थनाघरात लागलंय. ते पाय बाईंना कसे दिसले, याचं उत्तर माझ्याकडे नाही, बाईंकडेही नाही. आईला वाचता येत नाही. पण गावातली पोरं मोबाईलवर सगळं वाचतात, त्यामुळे कुणी तिला हे वाचून दाखवायच्या आत मलाच घरी जाऊन त्या सकाळचं सांगावं लागणार आहे.