देवीला शिळं चालत नाही

लोटनअप्पांची आणि माझी पहिली भेट झाली ती गुजरातीच्या घोटाळ्यातून, आणि तो घोटाळा माझा होता. मी अकोल्याचा. सुरतेत कापड मार्केटमध्ये नोकरी लागून वर्ष झालं नव्हतं, पण गुजराती मात्र सुरतीलाही न समजणारी बोलायला लागलो होतो. उत्तरायणात पतंगाच्या मांज्याने कापलेले पक्षी गोळा करणाऱ्या मंडळींत मी हौसेने शिरलो होतो. एका घुबडाच्या पंखाला टाके पडले होते आणि त्याला काही महिने ठेवायला शांत जागा हवी होती. वनखात्याला कळवून झालं होतं. कुणीतरी खानदेशी वस्तीच्या डिंडोलीतल्या अप्पांचा नंबर दिला. त्यांच्या गच्चीवर जाळीची खोली होती, आणि कुल्फीचा धंदा बंद केल्यामुळे भला मोठा फ्रीझर रिकामा होता.

मी फोनवर ऐटीत म्हणालो, "अप्पा, रेवीदेवी तमारे त्यां आवे छे. बे-त्रण महिना रहेशे." अप्पांनीही गुजरातीतच होकार दिला. दोघेही मराठी, पण आधी माघार कुणी घ्यायची!

या घुबडाला गुजरातीत रेवीदेवी म्हणतात. ते मला टाके घालणाऱ्या डॉक्टरबेननी सांगितलं होतं, अप्पांना कुणीच सांगितलं नव्हतं. मी खोकं घेऊन पोचलो तेव्हा ओटा धुतलेला, दारात रांगोळी, गल्लीतल्या पाच-सहा बायका आरतीचं ताट घेऊन उभ्या. मध्ये पांढरी टोपी घातलेला, दार भरून टाकणारा एक धिप्पाड माणूस हात जोडून. मला वाटलं, पक्षी वाचवणाऱ्यांना या भागात फार मान आहे. मी मान तुकवून नमस्कार स्वीकारला. अप्पांच्या पत्नी लीलाकाकूंनी मला बाजूला सारलं आणि खोक्यावर खण-नारळ ठेवून ओटी भरली. मग अप्पांनी झाकण उघडलं. आतून पांढरा, बदामाच्या आकाराचा चेहरा वर आला आणि फिस्सकन फूत्कारला.

बायका ओट्यावरून थेट रस्त्यावर.

"हाई देवी?" अप्पांनी विचारलं.

"हो. म्हणजे, गव्हाणी घुबड."

"घुबड!" काकू किंचाळल्या. "दारमा घुबड आनं यानी!"

अप्पा क्षणभर खोक्याकडे बघत राहिले. मग निकाल दिला, "वटी भराई गयी. आते ती देवीच शे."

अप्पांचा न्याय असा असायचा. एकदा तोंडातून किंवा हातून गेलं, की त्याला जागायचं. त्या दिवसापासून बोलायचे कायम अहिराणीत. मी वऱ्हाडी वळणाने उत्तर द्यायचो, आणि ऐकणाऱ्याला वाटायचं दोघांचं भांडण लागलंय.

खरं भांडण जेवणावरून लागलं. डॉक्टरबेननी गोठवलेल्या उंदरांची पाकिटं दिली होती आणि बजावलं होतं की हेच द्या. गटारातल्या उंदराने विष खाल्लेलं असू शकतं, आणि जिवंत उंदीर जखमी पक्ष्याला चावतो. पण मी मोबाईलवर शिकारी पक्ष्यांचे व्हिडिओ बघून तज्ज्ञ झालो होतो. जिवंतच हवं, असं माझं मत. अप्पांचंही तेच, पण कारण वेगळं. "देवीले शियं खावाले देतस का कोनी?" नैवेद्य शिळा चालत नाही, विषय संपला.

मग मी दुकानातून पांढरे उंदीर आणले. ते अप्पांनी कुल्फीच्या गाडीच्या काचेच्या पेटीत ठेवले, आणि दुपारपर्यंत त्या सगळ्यांची नावं ठेवून झाली होती, एकजात सासरच्या माणसांची. भगवान म्हणजे काकूंचा धुळ्याचा भाऊ. "देख, तसाच मिशा हालाडस."

पहिला प्रयोग संध्याकाळी झाला. मी भगवानला देवीपुढे सोडलं. देवीचा पंख बांधलेला. भगवानने इकडेतिकडे बघितलं आणि सरळ तिच्या पायाचं बोट कुरतडायला घेतलं. देवी कोपऱ्यात सरकली. अप्पा "आरे, धर त्याले!" म्हणून ओरडले. मी वाकलो, तर भगवान माझ्या पॅंटमध्ये. पुढचा प्रसंग गल्लीने गच्चीखाली उभं राहून बघितला, त्यामुळे इथे लिहिण्याची गरज नाही. डॉक्टरबेन देवीच्या बोटाला औषध लावताना एवढंच म्हणाल्या, "घुवड कोण छे अने उंदर कोण छे, ए तो पहेला नक्की करो."

गोठवलेल्याला पर्याय राहिला नाही. पण नैवेद्याचं काय? अप्पा जेवता जेवता थांबले आणि त्यांचा चेहरा उजळला. "शीतळा सातमले आपन काय खातस? कालदिननंच ना? देवीले थंडंच लागस. आते शियं म्हनानं नही, थंडं म्हनानं." त्या दिवसापासून फ्रीझरला कुलूप लागलं, कारण जुनी गिऱ्हाईकं अजून मलई कुल्फी विचारत येत. पाकीट कोमट पाण्यात ठेवून गरम करायचं काम माझ्याकडे होतं. घाईत एकदा मी उकळतं पाणी ओतलं. घरभर जो वास सुटला, त्यासाठी काकूंनी पातेलं आणि मला एकत्रच गच्चीवर पाठवलं.

पंख जुळला, नवी पिसं आली. मग डॉक्टरबेननी शेवटची अट सांगितली. सोडण्याआधी तिने स्वतः जिवंत शिकार धरून दाखवायला हवी. जमलं नाही तर जन्मभर पिंजरा. आणि उंदीर निरोगी हवेत, म्हणजे तुमच्या गाडीतले उत्तम.

अप्पा रोज सकाळी पेटीत दाणे टाकायचे आणि रोज देवीकडे बघून खाली यायचे. शेवटी मी सुचवलं, "मी दुकानातून दुसरे आणतो ना, बिननावाचे."

"नाव नही म्हनीसन त्यासना जीव नही का?" मग तेच म्हणाले, "तिले जगाडं, ते खावाडनं बी पडी. ज्यानी देवानं, त्यानीच देखानं."

दिवस कलताना त्यांनी स्वतः भगवानला उचललं, तळहातावर क्षणभर धरलं आणि जाळीच्या खोलीत गवतावर सोडलं. मी नजर फिरवली. अप्पांनी नाही फिरवली. आवाज काहीच झाला नाही. परत बघितलं तेव्हा वरचं देवीचं पांढरं तोंड खाली गवतावर होतं, बस्स.

अप्पा खाली आले, कपड्यांसकट डोक्यावर पाणी घेतलं आणि ओलेत्यानेच म्हणाले, "लीला, भगवान गया."

काकूंनी जो टाहो फोडला, तो पलीकडच्या नवागामपर्यंत गेला असेल. मी घाबरून, काकूंना भावाचा आवाज ऐकवायला, धुळ्याला फोन लावला. पलीकडून खरा भगवान भाकरी चावत म्हणाला, "हा, बोल. कोन मरनं?" त्यानंतर आठवडाभर अप्पांना घरात भाजीशिवाय भाकरी मिळाली, आणि भगवानमामा अप्पांशी अजून बोलत नाहीत.

देवीने पुढेही शिकार केली. दर वेळी अप्पा शेवटपर्यंत उभे राहिले. मग एका संध्याकाळी डिंडोलीच्या पलीकडे उसाच्या शेताशी आम्ही तिला घेऊन गेलो. खोक्याचं झाकण उघडलं. ती हलेना. मी म्हणालो, "जरा ढकलू का?"

"तू ऱ्हाऊ दे. तुना हात लागना का काहीतरी व्हस."

ती काठावर आली, मान वळवून उसाकडे बघितलं आणि गेली. शेतावरून खाली, मग वर, मग दिसेनाशी. अप्पा कमरेवर हात ठेवून बघत उभे होते, आणि त्यांचा सगळा चेहरा हसत होता.

"देखं का? एकदाबी मांगे देखनं नही," ते म्हणाले. "काम बराबर व्हयनं."