पीआरपीपीची खुर्ची

घाटकोपरची आमची चाळ, साल असेल शहाऐंशी. दुसऱ्या दिवशी बीएस्सीची बायोकेमिस्ट्रीची तोंडी, आणि मी दारात स्टुलावर बसून मोठ्याने घोकत होते... पीआरपीपीशिवाय न्यूक्लिओटाइड नाही!

आदल्या वर्षी याच तोंडीत माझी वाट लागली होती. परीक्षक दिसले की जीभ टाळूलाच चिकटायची. यंदाही नापास झाले तर कॉलेज बंद आणि टायपिंगचा क्लास, हे घरात ठरलेलं होतं.

तेवढ्यात अण्णा, म्हणजे माझे वडील, कामावरून आले. अण्णा एका छोट्या पक्षाचे जुने कार्यकर्ते. त्यांनी ज्याचा प्रचार केला तो हमखास पडायचा, आणि पडला की पक्षात नवा गट निघायचा. माझं घोकणं ऐकून ते उंबऱ्यातच थबकले.

"हा पीआरपीपी कुठला गं? परत फुटले? मला कुणी कळवलं कसं नाही?"

मी हसून हसून बेजार. मग समजावलं... अण्णा, ही एक साखर आहे. तिच्या एका टोकाला एक फॉस्फेट, दुसऱ्या टोकाला दोन फॉस्फेटांची जोडी. बेस नावाचा दुसरा रेणू आला की ती जोडी उठते, तिच्या जागी बेस बसतो आणि न्यूक्लिओटाइड तयार होतो. त्यापासूनच पुढे डीएनए.

"खुर्ची सोडते?" अण्णांचा विश्वास बसेना. "आणि परत बसायला येत नाही?"

नाही म्हटलं, बाहेर पडली की जोडीचे दोन तुकडे होतात.

"तरीच! फूट पडल्यावर कोण येतंय परत," असं म्हणून ते खिन्नपणे चपला काढायला लागले.

दुसऱ्या दिवशी परीक्षकांनी नेमकं पीआरपीपीच विचारलं. बेस बसेपर्यंत निभावलं... मग ते म्हणाले, ही रिॲक्शन उलटी का फिरत नाही?

झालं! जीभ टाळूला. डोक्यात ना एन्झाइम, ना फॉर्म्युला... दिसत होते फक्त चपला काढणारे अण्णा. आणि तोंडातून निघून गेलं, "सर, खुर्ची सोडली की फूट पडते ना!"

सर पेन खाली ठेवून इतके हसले की शेजारच्या टेबलावरची तोंडी थांबली. त्या हसण्यात माझी भीती पळाली. त्या जोडीचे, म्हणजे पायरोफॉस्फेटचे, दोन तुकडे, त्यातून सुटणारी ऊर्जा... सगळं धडाधड सांगून टाकलं.

पास झाले. पुढे आयुष्य लॅबमध्ये गेलं, ते त्या एका वाक्यामुळे, असं मला अजून वाटतं. अण्णा आता नाहीत. पण निकालाच्या दिवशी पेढ्यांचा पुडा घेऊन दारोदार फिरणारे अण्णा आठवले की हसू येतं आणि डोळेही भरतात.

प्रत्येक दारात छाती काढून एकच सांगत होते... "अहो, पहिल्यांदाच आपला उमेदवार निवडून आला. पक्ष? पीआरपीपी!"